अँबेसेडरखालचा पुठ्ठा

नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या एका गॅरेजात कामाला लागलो तेव्हा हाताखाली आलेली पहिली जुनी गाडी म्हणजे मार्क टू अँबेसेडर. धरमपेठेतल्या एका आजोबांची. १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, मूळचं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) घराण्यातलं. आजोबांची अट एकच : "ऑईल थांबव बेटा, पण पॅकिंग सोडून काही बदलू नको."

मी काय केलं? टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनवरचं झाकण खोललं, नवीन पॅकिंग (सांध्यातून ऑईल गळू नये म्हणून बसवतात ती पट्टी) टाकलं, वरून सिलिकॉन चोपडलं आणि नट पिळून आवळले. दुसऱ्या दिवशी गाडीखाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर डाग तेवढाच. उस्ताद म्हणाले, "काऊन बे पोट्ट्या, कुठून गळून राहिलं ते पाह्यलं का आधी?"

नव्हतं पाहिलं. जुन्या गाड्यांच्या कामात येणारा प्रत्येक जण इथेच फसतो. ऑईल वरून खाली उतरतं, आणि गाडी धावताना वाऱ्यानं मागं जातं. चेंबर (इंजिनच्या तळाचं ऑईलचं भांडं) ओलं दिसलं म्हणजे चेंबरचंच पॅकिंग गेलं, असं नसतं. केरोसीन आणि ब्रशनं इंजिन धुवायचं, पूर्ण वाळवायचं, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरायची आणि वर्धा रोडला एक चक्कर मारून यायची. पावडर सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढं जिथं भिजली, चोर तिथं.

आमचा चोर मॅनिफोल्डखालच्या (इंजिनच्या बाजूला बसणाऱ्या हवा-धुराच्या नळ्यांखालच्या) साइड प्लेटमध्ये निघाला. ही प्लेट मधल्या एकाच बोल्टवर बसते. कधीतरी कुणी तो जोर लावून आवळला होता. पत्रा मधे दबला, कडा उचलल्या. उस्तादांनी ती सपाट लोखंडावर ठेवून हलक्या हातोडीनं सरळ केली. चेंबरच्या बोल्टांची भोकंही अशीच फुगतात, तीही अशीच बसवायची. दुकानात पडून आकसलेलं कॉर्कचं पॅकिंग (आणि आपल्या नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ दिवसांच्या उन्हात, ते आकसणारच) कोमट पाण्यात ठेवलं की भोकं पुन्हा जुळतात. ड्रेन प्लगचं तांब्याचं वायसर लाल होईस्तोवर तापवून पाण्यात बुडवलं की मऊ पडतं, परत चालतं. सिलिकॉन मात्र जपून. आत लोंबणारा तुकडा तुटून ऑईल पंपाच्या जाळीत अडकला, तर गळतीपेक्षा मोठं दुखणं.

खरं मूळ वेगळंच होतं. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली उतरतोच. तो ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाला श्वास सोडायला ठेवलेल्या नळीतून, बाहेर पडायला हवा. आमच्या ब्रीदरची नळी काळ्या चिखलानं बुजलेली. आत दाब साचला की तो ऑईलला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. नळी रात्रभर केरोसीनमध्ये भिजवली, सकाळी तार फिरवली. फुकटचं काम! आता मी कुठल्याही गाडीत पाना उचलण्याआधी ब्रीदर बघतो.

एक गोष्ट मी चुकीच्या वेळी सांगितली. या इंजिनात क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) मागच्या टोकाला रबरी सील नाहीच. तिथले स्क्रूसारखे आटे फिरताना ऑईल आत ढकलतात. इंजिन थांबलं की थेंबभर बाहेर येऊ शकतं. तेवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरवण्यात अर्थ नाही. हे गाडी हातात घेतानाच सांगा. मी काम झाल्यावर सांगितलं, तर ती सबब वाटली.

आजोबा अजून रोज रात्री गाडीखाली नवा पुठ्ठा सरकवतात, सकाळी त्यावर पेनानं तारीख टाकतात. मागच्या आठवड्यात सातही पुठ्ठे पिशवीत घालून घेऊन आले होते. एकावर दोन थेंब होते, बाकी कोरे.