बाईकच्या हँडलने झूम कॅमेऱ्याची वाट लावली, मग मीच उघडला

ताम्हिणीला जाताना फोन हँडलवर लावायची सवय, आणि दोन पावसाळे झाल्यावर ५एक्स झूम लावला की चित्र थरथरायचं, वर कानाला लावलं तर आतून बारीक घर्रर्र. १एक्सला एकदम ओके, म्हणजे सॉफ्टवेअर नाही हे कळलं.

वॉरंटी संपलेलीच होती. हेअर ड्रायरने मागची काच गरम केली, कडेला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल, गोंद सुटायला) सोडलं, सक्शन कपने ओढून गिटारची पिक फिरवली, तरी अर्धा तास गेला (बायको म्हणाली, "आता नवीनच घ्यायचा का?"). आधी बॅटरीचा कनेक्टर काढला, हे विसरू नका.

झूम कॅमेरा बघून मात्र मजा आली राव! फोनची जाडी ८-९ मिमी, त्यात लांब लेन्स उभी बसणार कशी, म्हणून ती आडवी झोपवलेली, तोंडाशी प्रिझम, तो प्रकाश ९० अंशात वळवतो आणि सेन्सर पार टोकाला उभा. पाणबुडीचा पेरिस्कोपच. हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून बारीक लोहचुंबक नि कॉइल आतले भाग सरकवतात, बाईकच्या व्हायब्रेशनने तेच बिघडलं असणार.

ते रिपेअर करायच्या भानगडीत पडलो नाही, त्याच मॉडेलच्या स्क्रीन फुटलेल्या फोनमधलं मॉड्यूल बसवलं, कनेक्टर टक् करून बसला, बी-७००० गोंदाने काच चिकटवली. थरथर गायब. वॉटरप्रूफिंग गेलं ते गेलंच, आणि फोन आता खिशात.