प्रोसेसर तापतोय? आधी कूलर उतरवून पेस्टचा ठसा बघा

घरी जोडलेला कॉम्प्युटर तापायला लागला की सल्ले ठरलेले असतात: मोठा कूलर घ्या, पंखे वाढवा. तापमान नेमकं किती आहे, किती वेगाने चढतंय आणि त्या वेळी प्रोसेसर किती वॅट खातोय, हे सल्ला देणाऱ्याने विचारलेलंही नसतं. दोष कुठे आहे ते मात्र याच तीन गोष्टींवरून कळतं.

एचडब्ल्यूइन्फो हे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर चालू करा आणि त्यात प्रोसेसरचं तापमान व पॅकेज पॉवर (प्रोसेसर खातो ते वॅट) हे दोन आकडे समोर ठेवा. काही काम न देता थोडा वेळ बघा, मग सिनेबेंच ही प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी दहा मिनिटं चालवा. खोलीचं तापमानही टिपून ठेवा. हवेवर किंवा पाण्यावर चालणारा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही; खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर जातो.

आकडा बघून लगेच घाबरू नका. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले, नावात एक्स असलेले प्रोसेसर जड कामात ९५ अंशांपर्यंत जातील अशाच हिशेबाने बनवलेले आहेत. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. मर्यादा आली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. त्यामुळे पूर्ण भारावर ८०-८५ अंश दिसले म्हणून कॅबिनेट उघडायचं काहीच कारण नाही. काही काम नसताना ६५-७० दिसत असतील, किंवा जेमतेम ६०-७० वॅट खाऊन प्रोसेसर मर्यादेला टेकत असेल, तर मात्र कुठेतरी नक्की बिघडलंय.

आता तापमान चढतं कसं ते बघा. चाचणी सुरू होताच दोन सेकंदांत आकडा ४० वरून ९५ वर गेला आणि वॅट मात्र कमीच असले, तर उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाही. प्रोसेसर ९५ दाखवत असताना कूलरचा तळाकडचा भाग हाताला जेमतेम कोमट लागतो, ही त्याची पक्की खूण. फिरत्या पात्यांपासून बोटं लांब ठेवून हात लावा. याउलट आकडा पाच-दहा मिनिटं हळूहळू चढत राहिला, तर कॅबिनेटमध्ये गरम हवा कोंडतेय. बाजूचं झाकण काढून चाचणी पुन्हा घ्या. पाच अंशांहून जास्त फरक पडला तर धूळ झाडा, पुढचे पंखे हवा आत घेतात आणि मागचे-वरचे बाहेर टाकतात याची खात्री करा. पंख्याची हवा मोटर धरणाऱ्या आडव्या दांड्यांच्या बाजूने बाहेर पडते. हवेचं काम एवढंच.

पाण्याचा कूलर असेल तर पंपाचे फेरे बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) दिसतात का ते बघा आणि पंप पूर्ण वेगावर ठेवा. पंप सगळ्यांत उंच जागी येईल अशी मांडणी नको; हवेचे बुडबुडे तिथेच जमतात.

कूलर उतरवून पुन्हा बसवणे

मलाही हीच पायरी सगळ्यांत जड गेली होती, आणि बहुतेक मार्गदर्शकांत ती दोन ओळींत उरकलेली असते.

कूलर थंड असताना ओढू नका. दहा मिनिटं चाचणी चालवून पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला, उष्णता पुढे नेणारा लेप) मऊ करा, मग कॉम्प्युटर बंद करून वायर काढा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) तर हे विसरूच नका. तिथे पिना प्रोसेसरला असतात आणि घट्ट चिकटलेला कूलर सरळ वर ओढला, तर बंद सॉकेटमधून प्रोसेसर उपटून बाहेर येतो. पिना वाकल्या की सगळंच अवघड. कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळा, पकड सुटली की उचला. एएम५ आणि इंटेलच्या सॉकेटमध्ये वरची धातूची चौकट प्रोसेसरला धरून ठेवते, तिथे ही भीती नाही.

आता पेस्ट पुसू नका! आधी फोटो काढा. दोन्ही पृष्ठभागांवर उमटलेला ठसा हाच तुमचा निदानाचा कागद आहे. मधोमध पातळ, जवळपास पारदर्शक थर आणि कडांना बाहेर ढकललेली पेस्ट, हा चांगला ठसा. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे जवळजवळ कोरडं, म्हणजे स्क्रू एका अंगाने आवळले गेले. सगळीकडेच जाड, टाकलेला थेंब धड पसरलेलाही नाही, म्हणजे कूलर खाली बसलाच नाही. अशा वेळी तो रॅमला किंवा मदरबोर्डवरच्या हीटसिंकला अडतोय का ते बघा, आणि ब्रॅकेट (कूलर मदरबोर्डला धरणारी पट्टी) तुमच्याच सॉकेटचा आहे का तेही. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटमध्ये प्रोसेसरची उंची आधीच्या एलजीए१२०० पेक्षा कमी आहे. जुना ब्रॅकेट कसाबसा बसवला तरी दाब पुरेसा पडत नाही. कूलरच्या तळाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद काढलाय ना, हेही याच वेळी दिसतं.

आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घेऊन दोन्ही बाजू लख्ख पुसा. मधोमध वाटाण्याएवढा थेंब पुरे. प्रोसेसर लांबट असेल तर फुलीच्या आकारात लावा. पेस्ट किती लावायची यावरचे वाद निरर्थक आहेत. दाब बरोबर असला की जास्तीची पेस्ट बाहेर जाते, कमी पडलेली मात्र कुठूनही येत नाही. पेस्टऐवजी टूथपेस्ट चालते असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, ती थोड्याच काळात सुकते. लिक्विड मेटल, म्हणजे पेस्टऐवजी वापरतात तो द्रव धातू, तोही या कामाला नको: त्यातून वीज वाहते आणि अॅल्युमिनियम त्याने खराब होतं.

चारही स्क्रू आधी बोटांनी दोन-तीन आटे फिरवा. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतले स्क्रू आळीपाळीने, एका वेळी दोनच फेरे, असे थांबेपर्यंत आवळा. एक कोपरा पूर्ण आवळून दुसऱ्याकडे वळलात की कूलर तिरका बसलाच म्हणून समजा.

इंटेलच्या डब्यातल्या कूलरला स्क्रूऐवजी दाबून बसवायच्या खुंट्या असतात, आणि त्या सगळ्यांत फसव्या. तिरप्या कोपऱ्यांतल्या दोन एकदम दाबा, खट्ट आवाज येऊ द्या, मग उरलेल्या दोन. आवाजावर मात्र विसंबू नका. मदरबोर्डच्या मागच्या बाजूने बघा: चारही पांढरी टोकं पूर्ण बाहेर येऊन फाकलेली दिसली पाहिजेत. मागून दिसत नसेल तर मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढा. कंटाळा करू नका. एक खुंटी अर्धवट राहिली की बाकीची मेहनत वाया जाते.

वॅट आवरा

ठसा चांगला, हवा चांगली, तरी आकडा मर्यादेला? मग वॅट बघा. कोअर आय९ १३९००के साठी इंटेलची कमाल टर्बो पॉवर २५३ वॅट आहे, पण बरेच मदरबोर्ड ही मर्यादा मुळातच उठवून ठेवतात. बायोसमध्ये इंटेलची ठरलेली मर्यादा निवडा आणि मल्टिकोअर एन्हान्समेंट (सगळे कोअर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणारी सोय) बंद करा. तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर असतील तर बायोस अद्ययावत कराच. जास्त व्होल्टेजमुळे येणाऱ्या अस्थिरतेवरची दुरुस्ती इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडमधून (बायोससोबत येणाऱ्या, प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमधून) दिली आहे. रायझनवर इको मोड, म्हणजे कमी वॅटवर चालवायची सोय, लावा. ७७००एक्स नेहमी १४२ वॅटपर्यंत जातो, ‘६५ वॅट’ नावाच्या इको मोडमध्ये प्रत्यक्षात ८८ वर थांबतो. खेळांमध्ये फरक सहसा जाणवत नाही, तापमानात मात्र भरपूर पडतो.

शेवटी तीच चाचणी, तेवढाच वेळ, खोलीचं तापमानही साधारण तेच. वॅट मर्यादेत आहेत, ठसा चोख आहे आणि तरीही प्रोसेसर वेग कमी करतोय, तर कूलर खरोखरच अपुरा आहे. आता तो बदला.