शीर्षकावरून कोड लावू नका: बाळांच्या हृदयशस्त्रक्रियांचं कोडिंग शिकताना

मी साताऱ्याची, बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी. पुण्यात मेडिकल कोडिंगची नोकरी लागली तेव्हा घरी सगळ्यांना वाटलं, पोरगी कॉम्प्युटरमध्ये गेली. खरं काम वेगळं होतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहिलेल्या नोंदी वाचायच्या, निदानाला आणि शस्त्रक्रियेला ठरलेले कोड लावायचे, आणि त्या कोडच्या जोरावर तिकडची विमा कंपनी बिल मंजूर करते किंवा परत पाठवते. पहिली दोन वर्षं रेडिऑलॉजी केली. एक्स-रे, सीटी, पुन्हा एक्स-रे. हात बसला की डोकं बाजूला ठेवूनही टार्गेट पूर्ण होतं. मग मला बाळांच्या हृदयाच्या टीममध्ये टाकलं आणि पाटी पुन्हा कोरी झाली.

या कामात येणाऱ्या फ्रेशरना एकच गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते. ऑप-नोटच्या, म्हणजे सर्जनने लिहिलेल्या शस्त्रक्रियेच्या नोंदीच्या, वर मोठ्या अक्षरात शस्त्रक्रियेचं नाव असतं, त्यावर विश्वास ठेवू नका. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. पूर्ण भात चिवडावा लागतो.

हे मी कशी शिकले ते सांगते. चार्ट, म्हणजे एका रुग्णाच्या नोंदींचा संच, होता टेट्रालॉजी ऑफ फॅलोचा, म्हणजे टीओएफचा. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, त्या छिद्रावर स्वार झालेली महाधमनी, फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट आणि त्यामुळे जाड झालेला उजवा कप्पा, असे चार दोष एकत्र. शीर्षकात लिहिलं होतं, ‘टीओएफ रिपेअर विथ आरव्हीओटी पॅच’. आरव्हीओटी म्हणजे तीच उजव्या कप्प्यातून फुप्फुसाकडे जाणारी वाट. पॅच हा शब्द दिसला आणि मी ३३६९४ हा सीपीटी कोड, म्हणजे सर्जनच्या बिलातला शस्त्रक्रियेचा कोड, लावून मोकळी झाले. ऑडिटमध्ये चार्ट परत आला. ऑडिटर मॅम माझ्या खुर्चीशेजारी येऊन म्हणाल्या, “अगं, पॅच कुठे थांबला ते वाचलंस का?”

नव्हतं वाचलं. तिसऱ्या पानावर सर्जनने स्वच्छ लिहिलं होतं की फुप्फुसाच्या झडपेचं कडं मोजून पाहिलं, आकार पुरेसा निघाला, म्हणून झडप तशीच ठेवली आणि पॅच कड्याच्या खालीच संपवला. ३३६९४ लागतो तो पॅच कडं ओलांडून धमनीवर गेला तर, म्हणजे ट्रान्सअ‍ॅन्युलर असेल तरच. नाहीतर साधा ३३६९२. आणि फुप्फुसाची झडप मुळातच बंद असेल, सर्जनने उजव्या कप्प्यापासून धमनीपर्यंत नळी बसवली असेल, तर ३३६९७. तिन्ही शस्त्रक्रियांचं शीर्षक ‘टीओएफ रिपेअर’ असू शकतं. मी लावलेला कोड जास्त पैशांचा होता. म्हणजे न केलेल्या कामाचं बिल झालं असतं, आणि तिकडे ही गोष्ट हसण्यावारी नेत नाहीत.

त्या दिवसापासून मी प्रत्येक चार्टला हृदयाचं चित्र काढते. आता फ्लोअरवर कागद-पेन न्यायला बंदी, मोबाइल लॉकरमध्ये. १९९६ च्या हिपा कायद्यामुळे रुग्णाची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून हा बंदोबस्त. टीएलने, म्हणजे टीम लीडरने, हातभर लांबीचा व्हाइटबोर्ड मिळवून दिला. चार कप्पे, दोन मोठ्या वाहिन्या, निळा मार्कर, लाल मार्कर. नोट वाचत जायचं आणि रक्त आधी कुठून कुठे जात होतं, शस्त्रक्रियेनंतर कुठून जातंय ते बाणांनी दाखवायचं. शिफ्ट संपली की पुसून टाकायचं. शेजारच्या टीमची पोरं हसायची, “चित्रकलेचा तास चालू आहे,” म्हणून. हसू देत. बाण बरोबर आले की कोड आपोआप सापडतो.

ग्लेन या शस्त्रक्रियेचंच बघा. वरची महाशीर थेट फुप्फुसाच्या धमनीला जोडली आणि रक्त एकाच फुप्फुसात गेलं तर ३३७६६, दोन्हीकडे गेलं तर ३३७६७. बाण एक की दोन, इतकाच प्रश्न.

निदानाच्या बाजूला आयसीडी-१०-सीएम या निदानांच्या कोडयादीत क्यू२० ते क्यू२८ हे आपलं घर. टीओएफला क्यू२१.३ लावला की छिद्राचा क्यू२१.० वेगळा लावायचा नसतो, कारण ते छिद्र त्या चारांतलंच एक आहे. शस्त्रक्रियेतही तोच सापळा असतो. वरच्या आणि खालच्या दोन्ही पडद्यांची छिद्रं एकाच वेळी बुजवली, तर ३३६४१ आणि ३३६८१ असे दोन कोड लावायचा मोह होतो. दोन्ही मिळून ३३६४७ हा एकच कोड आहे. तोडून लावले तर ते अनबंडलिंग, आणि क्लेम, म्हणजे विमा कंपनीकडे पाठवलेलं बिल, परत.

सगळ्यात गंमतशीर फसवा शब्द म्हणजे ‘करेक्टेड ट्रान्सपोझिशन’. नव्याने आलेला प्रत्येक जण, मीसुद्धा, समजतो की बाळाचं ऑपरेशन होऊन दोष दुरुस्त झालाय, आणि झेड८७.७४ हा पूर्वेतिहासाचा कोड लावतो. इथे दुरुस्ती सर्जनने केलेली नसते, निसर्गानेच केलेली असते. कप्पेही उलटे आणि वाहिन्याही उलट्या, म्हणून रक्त योग्य ठिकाणी पोचतं. त्याला क्यू२०.५. नुसत्या वाहिन्या उलट्या असलेल्याला क्यू२०.३, आणि त्या बाळाला जन्मल्यावर लवकरच आर्टेरियल स्विच, म्हणजे उलट्या वाहिन्यांची अदलाबदल, लागतं, ३३७७८.

कोडची पुस्तकं दर वर्षी बदलतात, सीपीटी १ जानेवारीला आणि आयसीडी १ ऑक्टोबरला. वरच्या पडद्याच्या छिद्राला एके काळी एकच क्यू२१.१ होता. ऑक्टोबर २०२२ पासून त्याला पाचवा अंक हवा, म्हणजे छिद्र पडद्यात नेमकं कुठे आहे ते सांगावं लागतं. सेकंडम प्रकाराला, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागातल्या छिद्राला, क्यू२१.११. जुन्या सवयीने जुना कोड टाकला तर सिस्टीम तिथेच अडवते, त्यामुळे ही चूक फार महाग पडत नाही. न अडवता पुढे जाणाऱ्या चुका जास्त वाईट.

हॉस्पिटलच्या बाजूचं कोडिंग मात्र निराळं. तिथे दाखल रुग्णांच्या शस्त्रक्रियांना आयसीडी-१०-पीसीएसचा सात अक्षरांचा कोड लागतो, आणि पॅच कशाचा हेही सांगावं लागतं. बाळाच्याच हृदयावरणाचा तुकडा असेल तर सहाव्या जागी ७, गाईच्या हृदयावरणाचा ८, कृत्रिम कापडाचा जे. सर्जनच्या बिलात हार्ट-लंग मशीनसाठी वेगळं काही नसतं, ते शस्त्रक्रियेच्या कोडमध्येच धरलेलं असतं. हॉस्पिटलच्या कोडिंगमध्ये मात्र ते स्वतंत्र लावतात. एका टीममधून दुसऱ्या टीममध्ये गेलात तर पहिले काही आठवडे इथेच गोंधळ होतो.

परीक्षेबद्दल सगळेच विचारतात. एएपीसी या अमेरिकेतल्या कोडरच्या संस्थेची सीपीसी परीक्षा १०० प्रश्नांची, चार तासांची, ७० टक्क्यांना पास. पुस्तकं सोबत नेता येतात, म्हणून लोक निर्धास्त असतात आणि वेळ कमी पडतो. अनुभव नसेल तर नावापुढे काही काळ ‘ए’, म्हणजे अ‍ॅप्रेंटिस, राहतो, त्याची लाज नको. हृदयशस्त्रक्रियेसाठी सीसीव्हीटीसी ही वेगळी परीक्षा आहे, पण ती दोनेक वर्षं चार्ट हाताखालून गेल्यावरच द्या. आधी क्लासवाल्यांना पैसे देण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

मॉडिफायरवर, म्हणजे कोडला जोडायच्या दोन अंकी खुणेवर, घसरायचं प्रमाण मोठं. खालचा एकच कप्पा नीट चालतो अशा बाळांच्या शस्त्रक्रियांचे नॉरवूड, ग्लेन, फॉन्टान हे तीन टप्पे असतात, म्हणून ग्लेनला ‘टप्प्याने केलेली’ या अर्थाचा ५८ लावावासा वाटतो. पण तो मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांतच लागू होतो, आणि ग्लेन साधारण चार ते सहा महिन्यांनी होतं. उलट, सूज होती म्हणून छाती उघडी ठेवून चार दिवसांनी ठरल्याप्रमाणे बंद केली, तिथे ५८ बरोबर.

आणि ६३. चार किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळावर काम केलं तर लावायचा, कारण इतक्या लहान हृदयावर टाके घालणं जास्त अवघड. ३३७७८ सारख्या काही कोडना तो लावत नाहीत, त्यांच्यात ते कष्ट आधीच मोजलेले असतात. पण ३३६८१ ला चालतो. मागच्या महिन्यात असाच एक चार्ट आला. भरती करतानाच्या नोंदीत वजन ४.१ किलो, ऑप-नोटमध्ये वजनच नाही. मी भूलतज्ज्ञांची नोंद उघडली, तिथे शस्त्रक्रियेच्या सकाळचं वजन ३.९. दोन आकडे जुळेनात, म्हणून डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवली आणि चार्ट होल्डवर ठेवला. टीएल दोनदा विचारून गेली, टार्गेटचं काय. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: ३.९ बरोबर आहे, आधीचं वजन अंगावर सूज असतानाचं होतं. ६३ लावला आणि क्लेम सोडला.