पिकअपमध्ये दुचाकी नेताना: चढवणं, आवळणं, उतरवणं

दसऱ्याच्या आसपास बीड-धारूरकडच्या ऊसतोड टोळ्या निघतात, जूनमध्ये पोरं शिकवणीसाठी लातूरला खोली करतात, कुणाची वाळूजहून चाकणला बदली होते. घरच्या सामानाबरोबर मोटरसायकल किंवा स्कूटरही टेम्पोत जाते. बहुतेकदा ती सगळ्यात शेवटी, कपाट आणि गाद्यांच्या मधे कोंबली जाते. हे उलटं करा. आधी दुचाकी चढवून पक्की बांधा, मग तिच्या भोवतीनं सामान लावा. बांधलेल्या पट्ट्यांना कुठलंही सामान टेकता कामा नये.

हौदा टेपनं मोजून घ्या. स्प्लेंडर साधारण 2 मीटर लांब आणि 112 किलोची, अ‍ॅक्टिव्हा त्याहून थोडी आखूड आणि 106 किलोच्या आसपास. छोटा हत्तीचा हौदा सात फुटांच्या आसपास असतो, त्यात या दोन्ही बसतात आणि फाळका, म्हणजे हौद्याची मागची झडपही लागते. क्लासिक 350 मात्र 195 किलोची आणि सात फुटांहून किंचित लांब. तिच्यासाठी आठ-नऊ फुटी हौद्याची पिकअपच सांगा. फाळका उघडा ठेवून मागचं चाक बाहेर लटकवणं धोक्याचं तर आहेच, शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात परवानगीपेक्षा बाहेर आलेल्या मालाला 20,000 रुपये दंड आहे. वर माल उतरवून घेण्याचा खर्चही आपल्याच अंगावर.

चढवायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे मोंढ्यातला (बाजार आवारातला) धक्का, म्हणजे माल चढवायचा उंच ओटा. पिकअप मागे घेऊन धक्क्याला लावली की गाडी सपाटीवरून आत ढकलता येते. धक्का नसेल तर उंच बांध किंवा रस्त्याकडेचा चढ शोधा, पण काळ्या रानात पावसाळ्यात हे करू नका. एका बाजूचं चाक रुतलं की हौदा कलतो आणि फळीचा खालचा टोकही जमिनीत जातो. मुरूम किंवा डांबर पाहूनच उभं राहा.

फळी लावायची तर लांबीवर कंजुषी नको. हौदा अडीच फूट उंच असेल आणि फळी साडेसात फुटांची, तर गाडीच्या वजनाच्या एक तृतीयांश जोर लागतो: स्प्लेंडरला साधारण 37 किलो, क्लासिकला 65. तीच फळी पाच फुटी घेतली तर निम्मं वजन ढकलावं लागतं, म्हणजे 56 आणि 97 किलो. शिवाय चढ जितका उभा, तितकं पुढचं चाक हौद्यात आल्यावर गाडीचं पोट कडेवर घासतं. स्कूटरचा तळ आणि मेन स्टँड इथेच अडकतात.

सेंट्रिंगची इंचभर जाडीची फळी बुलेटखाली मोडू शकते. किमान दोन इंच जाड आणि फूटभर रुंद लाकूड घ्या, किंवा वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी चॅनलची जाळीदार फळी करून घ्या. वरचं टोक हौद्यावर निदान चार इंच टेकलं पाहिजे आणि दोरानं बॉडीला बांधलेलं पाहिजे. गाडीचं वजन आलं की फळी मागे सरकते, आणि माणसं पायावर गाडी घेतात ती याच क्षणी. पिकअप गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड लावलेले हवेत. लाकूड ओलं असेल तर वर बारदान ठोका.

माणसं तीन. एक जण गाडीच्या डाव्या बाजूला, दोन्ही हात हँडलवर, उजव्या हाताची बोटं पुढच्या ब्रेकवर; दोघं मागून ढकलणारे. हँडलवाल्याला वर चढायला शेजारी दुसरी फळी लागते. ती नसेल तर अर्ध्या चढावर त्याचे पाय जमिनीवर आणि हात डोक्याच्या पातळीला जातात, तिथे तोल सुटतो. इंजिन बंदच ठेवा.

आता बांधणं. दुचाकी स्टँडवर उभी करून बांधू नका. मेन स्टँडवर असेल तर जोराच्या ब्रेकला गाडी पुढे सरकते आणि स्टँड दुमडतो. साईड स्टँडवर असेल तर प्रत्येक खड्ड्याचा मार त्या एका पायावर बसतो. गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी राहिली पाहिजे, आणि तिला धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे दाबलेलं सस्पेन्शन. पुढचं चाक केबिनमागच्या भिंतीला टेकवा, मधे जुना टायर द्या. मग हँडलच्या खालच्या ‘टी’मधून (पुढचे दोन्ही शॉकअप धरून ठेवणारा लोखंडी तुकडा) दोन पट्टे काढून पुढच्या कोपऱ्यांतल्या कड्यांकडे, खाली आणि बाहेर, साधारण 45 अंशांत ओढा. दोन्ही बाजू आलटून-पालटून थोड्या थोड्या आवळा. एकच बाजू पूर्ण आवळली तर गाडी कलते. पुढचे शॉकअप निम्मे दबले की थांबा. पार तळाला दाबले तर खड्ड्याचा धक्का जिरायला जागा उरत नाही आणि ऑइल सील फुटतं.

मागचे दोन पट्टे चेसिसच्या भक्कम भागातून, मागे आणि बाहेर. यांचं काम मागचं चाक आडवं उडू न देणं, त्यामुळे पुढच्याइतके ताणायची गरज नाही. इंडिकेटर, सायलेन्सर, फायबर, क्लच वायर आणि ब्रेकची नळी यांवरून पट्टा जाता कामा नये. गरम सायलेन्सरला पट्टा वितळतो. स्कूटरचं पुढचं प्लास्टिक नाजूक असतं, म्हणून पट्टा हँडलवरून न घेता खाली पुढच्या सस्पेन्शनच्या लोखंडी भागातून घ्या.

इंचभर रुंदीचे रॅचेट पट्टे (दांडा वरखाली करून आवळायचे) घ्या आणि त्यांच्या लेबलवरची भारक्षमता वाचा. कासरा किंवा नायलॉनचा दोर चालवायचाच असेल तर तो ताण घेऊन लांबतो, नायलॉन ओला झाला की आणखी, हे धरून चाला. पट्ट्याच्या हुकाचं तोंड इन्सुलेशन टेपनं बंद करा. गतिरोधकावर शॉकअप अजून दबतात, पट्टा क्षणभर सैल पडतो आणि उघडा हुक तेवढ्यात निसटतो.

मोटरसायकल पहिल्या गिअरमध्ये ठेवा, पुढचा ब्रेक रबरी पट्टीनं दाबून बांधा. स्कूटरला गिअर नाही, म्हणून ब्रेक लॉक लावा. मागच्या चाकाला लाकडी ठोकळा द्या; वीट फुटते. टाकीत लिटर-दोन लिटरच पेट्रोल असू द्या, मे महिन्याच्या उन्हात भरलेली टाकी झाकणातून गळते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचा कॉक बंद करा.

निघाल्यावर दहा किलोमीटरवर थांबून चारही पट्टे हातानं दाबून बघा, पहिली सैलाई तिथेच येते. पुढे तासातासाला, आणि मांजरसुंबा, धारूर किंवा औट्रम घाटाआधी हमखास. चढावर गाडीचा भार पुढच्या पट्ट्यांवर येतो, उतारावर मागच्या पट्ट्यांवर आणि केबिनच्या भिंतीवर. हौद्यात दुचाकीवर कुणालाही बसवू नका. आरसी आणि विमा डिजिलॉकरमध्ये असू द्या.

कॅम्पर व्हॅन किंवा दिंडीच्या टेम्पोच्या मागे लोखंडी कॅरिअर करून स्कूटर टांगण्याचा बेत असेल तर आधी हिशेब करा. दोन एक्सलमधलं अंतर 3 मीटर आणि स्कूटर मागच्या एक्सलच्या दीड मीटर मागे असेल, तर 110 किलोची स्कूटर मागच्या एक्सलवर 165 किलो टाकते आणि पुढची चाकं 55 किलोनं हलकी करते. स्टिअरिंग हलकं पडतं, त्यात कॅरिअरचं वजन वेगळं. नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले तर तेही चालत नाही.

उतरवताना आधी मागचे पट्टे सोडा. मग एकानं हँडल घट्ट धरल्यावर पुढचा एक, शेवटी दुसरा. दाबलेले शॉकअप सुटताच गाडी वर उसळते, तेव्हा हात सैल नको. मागचं चाक आधी, इंजिन बंद, पुढचा ब्रेक सोडत-धरत, मागून दोघं आधार देत. मोटरसायकल पहिल्या गिअरमध्ये ठेवली तर क्लच सोडला की मागचं चाकही ब्रेकसारखं धरतं. खाली आल्यावर पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर बोट फिरवा. तेलाचा ओलावा लागला तर सील गेलंय, गाडी लांब नेण्याआधी ते बदलून घ्या.