उरलेल्या इंजिन ऑइलच्या बाटल्या अशा संपवल्या

दर सर्व्हिसिंगला बाटलीच्या तळाशी थोडं ऑइल उरतंच. घरात बाइक, स्कूटर, कार तिन्ही, त्यामुळे माळ्यावर अर्धवट बाटल्यांची रांग लागलेली. टाकवत नव्हतं (नवं ऑइल हो, जळकं नाही!).

ब्रँडकडे बघितलंच नाही. एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) दर्जाची इंजिन ऑइलं एकमेकांत मिसळली पाहिजेत, अशी अटच असते. खरी मेख बाटलीवरच्या जासोच्या (जपानी वाहन-मानक संस्था) शिक्क्यात. बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्याला एमए किंवा एमए२ शिक्क्याचं ऑइल लागतं. गिअरलेस स्कूटरचं एमबी ऑइल जास्त निसरडं. ते बाइकमध्ये गेलं तर क्लच घसरू शकतो. रेस वाढते, गाडी ओढत नाही. कारच्या बऱ्याच ऑइलांचंही तेच. म्हणून ती बाजूला काढून ज्याची त्याला टॉप-अपला ठेवली.

उरलेली १०डब्ल्यू-३० आणि २०डब्ल्यू-४०, दोन्ही एमए२, एकत्र करून जुन्या १०० सीसी बाइकमध्ये ओतली. १०० अंश सेल्सियसला ३० ग्रेडची (डॅशनंतरचा आकडा) व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० ची १२.५ ते १६.३; मिश्रण मधे कुठेतरी. थंडीतला दाटपणा सांगणारा डब्ल्यूचा आकडा असा हिशेबाने निघत नाही, पण आमच्या पुण्याच्या थंडीचं काय एवढं! क्लच नीट पकडतोय. तरी हे ऑइल ठरल्यापेक्षा लवकर बदलणार, आणि वॉरंटीतल्या गाडीत हा उद्योग करणार नाही.

एका बाटलीत पाणी शिरून ऑइल दुधाळ झालं होतं. ती गॅरेजमधल्या जळक्या ऑइलच्या पिंपात रिकामी केली.