जुनं चिनी पोर्सेलीन: बुडावरच्या शिक्क्याला भुलू नका

फुलदाणी उलटी करायची, बुडावरच्या निळ्या अक्षरांचा फोटो मोबाइलवर शोधायचा आणि ‘मिंग काळातली (१३६८–१६४४) आहे!’ म्हणून मोकळं व्हायचं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

शिक्क्यावर सम्राटाचं नाव असतं. त्यावरून भांड्याचं वय ठरत नाही. जिंगदेझेन या चीनमधल्या पोर्सेलीनसाठी प्रसिद्ध गावाचे कारागीर कांग्शी सम्राटाच्या काळात (१६६२–१७२२) दोनशे वर्षांपूर्वीच्या मिंग सम्राट चंगह्वाचं (१४६५–८७) नाव सर्रास घालत. त्यात लबाडी कमी, जुन्या कामाला दिलेला मान जास्त. शिवाय १६७७ साली तिथल्या अधिकाऱ्याने भांड्यांवर चालू सम्राटाचं नाव घालायला बंदी केली. भांडं फुटलं की नाव उकिरड्यात जायचं ना! मग कुणी दुहेरी निळं वर्तुळ काढून आत कोरंच सोडलं, कुणी पान काढलं. तेव्हा कोरं वर्तुळ दिसलं म्हणून नाक मुरडू नका. उलट चार अक्षरांचा कांग्शी शिक्का असलेल्या निळ्या-पांढऱ्या बरण्या बऱ्याचदा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या निघतात.

मग बघायचं काय? आधी रंग. सोन्यापासून केलेला गुलाबी मुलामा चिनी भांड्यांवर १७२०च्या आसपास आला. चंगह्वाचा शिक्का आणि वर गुलाबी फुलं असतील, तर मिंगचा विषय तिथेच संपला. नंतर बुडाची झिलई नसलेली कड भिंगाखाली धरा. खरी झीज वेडीवाकडी असते: एका बाजूला जास्त, ओरखडे हव्या त्या दिशेला. सगळीकडे सारखाच तपकिरी रंग दिसला, तर तो बहुधा चोळून लावलेला.

झिलईवरच्या जाळीदार तड्यांचंही तसंच. त्या मुद्दाम पाडता येतात आणि चिनी कारागीर शतकानुशतकं पाडत आले आहेत. त्यावरून वय काढू नका.

आता धुण्याचं. निळा रंग झिलईखाली असतो, त्याला सहसा काही होत नाही. सोनेरी आणि रंगीत मुलामा मात्र झिलईवर बसवलेला असतो. ब्लीच, घासणी, डिशवॉशर यांनी तो उडतो. नखाने हलकेच टिचकी मारल्यावर बद्द आवाज आला, तर आत चीर किंवा जुना जोड असू शकतो. अशा भांड्यावर गरम पाणी ओतू नका, जोड सुटेल. आणि मागे फुटलेले तुकडे जोडणारे पितळी टाके मारलेले दिसले, तर ते उपटायचा उत्साह आवरा.