पोलो खाली घेताय, तेही सतरा इंची चाकांवर? मग या चुका टाळा

सतरा इंची अलॉय बसले की पहिली तक्रार ठरलेली असते. चाक मोठं झालं, तरी फेंडरमधली गॅप होती तेवढीच! मग गाडी खाली घ्यायचा विचार सुरू होतो. खरं तर गॅप तेवढीच राहणं ही टायरचं माप बरोबर निवडल्याची खूण आहे. पोलोचा १८५/६० आर१५ टायर घ्या. रिमचा व्यास १५ इंच, म्हणजे ३८१ मिमी, त्यावर दोन्हीकडे १११ मिमीची (१८५ मिमी रुंदीच्या ६० टक्के) टायरची भिंत, मिळून ६०३ मिमी. २१५/४० आर१७ ला रिम ४३२ मिमी, भिंत ८६ मिमी, एकूण ६०४. बाहेरून चाक तेवढंच राहिलं, पण रबर आणि हवेची उशी २५ मिमीने पातळ झाली.

खड्ड्याचा पहिला फटका ही भिंत झेलते. ती पातळ झाली की उरलेलं काम स्प्रिंग आणि शॉकअपवर येतं, आणि नेमक्या त्याच वेळी आपण गाडी खाली घेऊन त्यांचाही स्ट्रोक, म्हणजे दबायची जागा, कापतो. मोठी चाकं आणि लोअरिंग एकत्र केलेल्या गाड्या बिघडतात त्या या दुहेरी कपातीमुळे. म्हणून गाडी किती खाली दिसेल हा प्रश्न नंतरचा. आधी विचारा, स्ट्रोक किती उरेल?

उदाहरण पोलोचं घेतोय, कारण २०१० ते २०२२ या काळात विकलेल्या, चाकणला बनलेल्या या गाडीइतकी हौसेने बदललेली हॅचबॅक आपल्याकडे क्वचितच सापडेल. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा, पिळला जाणारा दांडा) ही मांडणी स्विफ्ट, बलेनो, आय२० मध्येही आहे, त्यामुळे बहुतेक गोष्टी त्यांनाही लागू पडतात.

स्ट्रोकचा हिशेब न करणं

ही सगळ्यात मोठी चूक. समजा, गाडी उभी असताना बम्प स्टॉप (स्ट्रोकच्या शेवटी धक्का थोपवणारा रबराचा तुकडा) पूर्ण दबेपर्यंत चाकाला ८० मिमी वर जायला जागा आहे. गाडी ३५ मिमी खाली घेतली की उरले ४५. खड्डा तोच, वेग तोच. स्प्रिंग जेवढी दबते त्याच्या वर्गाच्या प्रमाणात ती धक्का गिळते. म्हणजे ८० मिमीत संपणारा धक्का ४५ मिमीत संपवायला स्प्रिंग तिपटीहून कडक लागेल. २५ मिमीच खाली घेतलं तरी दुपटीहून थोडी जास्त. बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंगा इतक्या कडक नसतात, आणि रोजच्या गाडीत त्या नकोतही. मग उरलेला धक्का बम्प स्टॉप खातो, आणि तो संपला की स्ट्रट माउंट, म्हणजे स्ट्रट बॉडीला जोडणारा वरचा भाग.

‘लोअर केल्यावर गाडी फार कडक झाली’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना स्प्रिंग कडक वाटते, पण बऱ्याचदा गाडी बम्प स्टॉपवर बसलेली असते. अशा वेळी मऊ स्प्रिंग टाकली तर दुखणं वाढतं. ओळखायची पद्धत सोपी आहे. शॉकअपचा रबरी बूट वर सरकवा, चकचकीत रॉडला एक झिप टाय हलकेच आवळा आणि सिलिंडरच्या तोंडाला टेकवून ठेवा. मग रोजच्या रस्त्याने, रोजच्याच वेगाने एक चक्कर मारा. परत आल्यावर सिलिंडर आणि टाय यांत जेवढं अंतर दिसेल तेवढा स्ट्रोक वापरला गेला. एकट्याने शहरात चालवतानाच टाय बम्प स्टॉपला जाऊन भिडत असेल, तर गणपतीला पाच माणसं आणि सामान घेऊन कोकणात उतरताना काय होईल याचा अंदाज येतो. गाडी थोडी वर घ्या, किंवा जास्त कडक स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉकअप टाका.

रोजच्या पोलोला २५, फार तर ३० मिमी एवढंच मी सुचवतो. त्याच्या खाली गेलं की भूमितीही बिघडते. स्ट्रटच्या गाडीत लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणारा दांडा) चाकाकडचं टोक वर चढलं की रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त झपाट्याने खाली जातं. त्यामुळे फार खाली घेतलेली गाडी, स्प्रिंग पुरेशी कडक नसेल तर, वळणावर आधीपेक्षा जास्त झुकते. ताम्हिणीत लागोपाठच्या वळणांवर हे लगेच जाणवतं. टाय रॉडचा (स्टिअरिंग चाकाला जोडणारा दांडा) कोन बदलल्याने उंचसखल रस्त्यावर स्टिअरिंगही इकडेतिकडे ओढू लागतं.

स्प्रिंग कापणं किंवा तापवणं

अजूनही काही ठिकाणी ग्राइंडर लावून दीड वेढा कापून देतात. असं करू नका. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते हे खरं, पण शॉकअप मात्र जुन्या स्प्रिंगसाठी बनलेला राहतो. स्प्रिंगचं टोक सीटमध्ये नीट बसत नाही. जॅकवर किंवा मोठ्या खड्ड्यात चाक लोंबलं की स्प्रिंग सैल होते आणि परत बसताना वाकडी बसू शकते. गॅसने तापवून बसवलेल्या स्प्रिंगचं तर पोलादाचं पाणीच उतरलेलं असतं, ती पुढे खचत जाते. यापेक्षा मूळ उंचीवर ठेवलेली गाडी शतपटीने बरी.

नुसत्या स्प्रिंगा, की पूर्ण सेट?

गाडी नवी असेल आणि २५ मिमीच खाली घ्यायची असेल, तर चांगल्या कंपनीच्या स्प्रिंगा मूळ शॉकअपवर काही काळ चालतात. साठ-सत्तर हजार किलोमीटर धावलेल्या शॉकअपवर मात्र नव्या कडक स्प्रिंगा टाकणं म्हणजे त्यांना घरघर लावणं. इथे नेमका शॉकअप ओळखून घ्यायला हवा. बिल्स्टीन या शॉकअप कंपनीचंच बघा. बी४ मूळच्या जागी टाकायचा, बी६ जास्त दमाचा पण मूळ उंचीचा, आणि बी८ खास लोअरिंग स्प्रिंगसाठी, लांबीने कमी. नाव मोठं म्हणून बी६ घेऊन त्यावर लोअरिंग स्प्रिंगा चढवल्या की आखूड शॉकअपचा फायदा हातचा जातो.

कॉइलओव्हर, म्हणजे थ्रेडवरची कॉलर फिरवून उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट, घेणाऱ्यांची चूक वेगळी. कॉलर जिथपर्यंत फिरेल तिथपर्यंत फिरवायची! साध्या कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंगची सीट खाली सरकते, शॉकअपची लांबी तीच राहते, म्हणून जेवढं खाली तेवढा स्ट्रोक कमी. खालचा ब्रॅकेट वेगळ्या थ्रेडवर सरकतो त्या प्रकारात शॉकअपचा स्ट्रोक वाचतो. पण मग चाक पूर्वीपेक्षा जास्त वर येतं आणि लायनरला (चाकाच्या खोबणीतलं प्लास्टिकचं आवरण), फेंडरला भिडू शकतं. म्हणजे तिथेही जागा मोजावीच लागते. केडब्ल्यू कंपनीच्या कॉइलओव्हरच्या तीन व्हेरिएंटमधला फरकही समजून घ्या. पहिल्यात फक्त उंची बदलते, दुसऱ्यात रिबाउंडही (शॉकअप उलगडतानाचा विरोध), तिसऱ्यात रिबाउंड आणि कॉम्प्रेशन (दबतानाचा विरोध) दोन्ही. ज्याला रोज ऑफिसला जायचंय त्याला तिसऱ्याचे पैसे क्वचितच वसूल होतात. आपल्या पावसात आणि किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत थ्रेड जाम होतात, तेव्हा पावसाळ्याआधी ते धुऊन, पुसून, ग्रीस लावून ठेवा.

हवेच्या पिशव्यांवर चालणारं एअर सस्पेन्शन सुंदर दिसतं. पण कंप्रेसर, टाकी, पाइप यांची निगा राखणारा माणूस तुमच्या गावात नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

खोक्यावरचा आकडा आपल्या गाडीचा नसतो

युरोपी स्प्रिंगच्या खोक्यावर ‘३० मिमी’ छापलेलं असतं ते तिथल्या पोलोच्या उंचीपासून मोजलेलं. आपली पोलो इथल्या रस्त्यांसाठी मुळातच उंच बसवलेली आहे, त्यामुळे त्याच स्प्रिंगा इथे जास्त खाली नेतात. शिवाय स्प्रिंग पुढच्या अ‍ॅक्सलच्या वजनावर निवडतात. तीन सिलिंडरच्या पेट्रोलची स्प्रिंग जड डिझेलला लावली तर नाक खाली जातं, उलट केलं तर पुढून गाडी उंच राहते. पार्ट नंबर इंजिनप्रमाणे तपासूनच पैसे द्या.

स्पीडब्रेकरची भीती सगळे घालतात, त्याचाही हिशेब करा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. पोलोच्या सुमारे अडीच मीटर व्हीलबेसला (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) तो पोटाखाली जेमतेम ४५ मिमी जागा खातो. सावकाश गेलात तर असा गतिरोधक २५ मिमी खाली घेतलेल्या गाडीला लागत नाही. लागतात ते सोसायटीच्या गेटवरचे, डांबर ओतून रचलेले आखूड उंचवटे आणि रस्त्याच्या वर आलेली चेंबरची झाकणं. तुमच्या रोजच्या वाटेवर असे किती आहेत ते स्वतः टेप घेऊन बघा.

चाकाची निवड

ऑफसेटकडे, म्हणजे रिमची मध्यरेषा आणि ती हबला टेकते ती बाजू यांच्यातल्या अंतराकडे, दुर्लक्ष झालं की कुठलंच सस्पेन्शन ते सावरून घेत नाही. समजा, मूळ रिम ६ इंच रुंद, ऑफसेट ४० मिमी. नवी साडेसात इंच, ऑफसेट ३५. बाहेरची कड २४ मिमी बाहेर आली आणि आतली कड स्ट्रटकडे १४ मिमी सरकली. अशी गाडी खाली घेतली की फेंडरची कड टायर कापू लागते.

पोलोचा बोल्ट पॅटर्न ५×१००, म्हणजे १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट, आणि रिमचं मधलं भोक ५७.१ मिमी. नव्या रिमचं भोक मोठं असेल तर ते भरून काढणारी नेमक्या मापाची रिंग हवी. सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे बोल्ट. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचं बूड गोलाकार असतं, बाहेरच्या बहुतेक अलॉयना शंकूच्या आकाराचं लागतं. चुकीचा बोल्ट आवळलेला वाटतो, पण तो कडेवरच टेकलेला असतो आणि धावताना सैल होतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनी रिम घेताना बोल्टही त्या रिमचेच मागा. टायरचा लोड इंडेक्सही (किती वजन पेलेल त्याचा आकडा) बघा. मूळ ८४ म्हणजे ५०० किलो. २१५/४० मध्ये ८३ आणि ८७ असे दोन्ही मिळतात, त्यातला ८७ घ्या.

बसवताना

लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे बुश (सांध्यातले रबर) गाडी लिफ्टवर लोंबत असताना आवळले, तर गाडी जमिनीवर आल्यावर ते कायम पिळलेले राहतात. गाडी हवी तेवढी बसत नाही आणि बुश लवकर फाटतात. हे बोल्ट चाकांवर वजन आल्यावरच पक्के करा. बसवणाऱ्याला हे आधीच सांगा, आणि त्याने टाळाटाळ केली तर दुसरा माणूस शोधा. स्ट्रट उघडलाच आहे तर वरचं माउंट आणि बेअरिंग नवं टाका.

अलाइनमेंट लगेच एकदा आणि स्प्रिंगा बसल्यावर, साधारण पाचशे किलोमीटरनंतर, पुन्हा करा. टायर आतून झिजला की सगळे कॅम्बरला (चाक वरून आत-बाहेर कलण्याचा कोन) बोल लावतात, पण जास्त नुकसान बिघडलेल्या टोमुळे (चाकांची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) होतं, आणि पुढचा टो पोलोत सेट करता येतो. हेडलाइटची पातळीही तपासून घ्या.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. कलम १८२अ खाली बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा, उत्तर लेखी घ्या.

काम झाल्यावर आवाज आला तर

स्टिअरिंग पूर्ण वळवताना ‘टंग’ असा आवाज येत असेल तर स्प्रिंग सीटवर उडी मारतेय, वरचं बेअरिंग बघा. छोट्या खड्ड्यांवर खडखड असेल तर अँटी-रोल बारचा लिंक रॉड किंवा स्ट्रटचा टॉप नट तपासा. वळताना वेग दिल्यावर टकटक ऐकू आली तर सीव्ही जॉइंटचा (इंजिनची ताकद पुढच्या चाकापर्यंत नेणारा सांधा) रबरी बूट फाटलाय का पाहा. घासल्याचा वास किंवा आवाज असेल तर चाक काढून खूण शोधा. ती लायनरच्या पुढच्या बाजूला असेल तर टायरचा व्यास किंवा रुंदी जास्त आहे. फेंडरच्या कडेला असेल तर ऑफसेट चुकलाय किंवा गाडी फार खाली आहे. आणि टायरच्या आतल्या भिंतीवर गोल चकचकीत रेघ दिसली, तर तो स्ट्रटला लागतोय. अशी गाडी त्या दिवशी पुढे चालवू नका, नेमक्या जाडीचा हबसेंट्रिक स्पेसर (हब आणि रिमच्या मधे बसणारी, हबच्या मापाची चकती) आणि त्याला पुरेसे लांब बोल्ट मिळेपर्यंत जुनी चाकं परत चढवा.